नववा फर्मा

रविवार, ५ जानेवारी २०२५

आज वाचनालयात एका पुस्तकाची चिरफाड झाली आणि ती मला उभं राहून पाहावी लागली.

अकराच्या सुमारास चक्कर मारली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सेलूचं हे वाचनालय मी आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घालतो. नाहीतर ही नवी मंडळी कपाटावर मनीप्लांट ठेवायलाही कमी करणार नाहीत. (ठेवला आहे. कादंबऱ्यांच्या कपाटावर.) टेबलाशी नाचणगावचा बाइंडर बसला होता आणि त्याच्या हातात पुस्तक क्रमांक २१४७. तो शिलाई उसवत होता. शेजारी प्रेरणा, म्हणजे माझ्या जागेवर आलेली हिंगणीची पोरगी, कौतुकाने पाहत उभी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काकाजी, वाचक मंडळ सुरू करून राह्यलो आपण. पुस्तकाची प्रत एकच हाय, अन् नावं आले बारा. बाजारात मिळत नाई. मंग बारा फर्मे वेगळे करतो, एकेकाले एक. रविवारी दोघादोघांनी आपापला फर्मा सांगायचा. सहा रविवारात पुस्तक पुरं. मंग हे भाऊ परत शिवून देतात."

फर्मा म्हणजे सोळा पानांची जुडी, अशा जुड्या शिवून पुस्तक होतं, हे मला कुणी समजावायला नको. बारा माणसं जमणार, त्यातल्या एकानेही पुस्तक वाचलेलं नसणार, आणि तरी ती त्यावर चर्चा करणार, हे मात्र समजावून सांगणारा अजून जन्मायचा आहे.

२१४७ माझ्या हातचं पुस्तक. १९९६ साली मीच दाखल केलं, मीच खाकी कव्हर चढवलं, पाठीवर क्रमांक मीच लिहिला. इतकी वर्षं कोरं करकरीत राहिलं. प्रेरणाने मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी उघडून दाखवली. एकही शिक्का नाही. "एकदाही कोणी नेलं नाई, काकाजी," ती म्हणाली, जशी काही माझी चूक काढते आहे. म्हणून तर कोरं राहिलं, एवढं साधं त्या पोरीला कळत नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

प्रेरणा घरी आली. मंडळाचे अध्यक्ष व्हा, म्हणाली. मी नाही म्हणालो. अशा गोष्टीला पहिल्या झटक्यात हो म्हणायचं नसतं. दुसऱ्यांदा विनंती होते, तेव्हा दोन अटी घालून हो म्हणायचं असतं. हिला कुणी रीतभात शिकवलेली दिसत नाही. "बरं, काकाजी" म्हणून ती चक्क उठली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. हाताला कणीक तशीच. म्हणाली, "बाई, मी येऊ काय? एखादा फर्मा मले जमंल."

मला हसू आवरेना. सौ. नववी पास. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातात मी पुस्तक पाहिलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. ग्रंथपालाच्या घरात वाचनालयाचं पुस्तक येता कामा नये, हा माझा दंडक. घरच्यांनी पुस्तकं नेली की गाव बोलायला मोकळं. घरी येत ती फक्त बाद झालेली. वाळवी लागलेली, पहिली-शेवटची पानं गेलेली, रीतसर निकाली काढलेली. ती न्हाणीच्या चुलीसाठी. मी पोतं सौ.च्या पुढ्यात टाकायचो आणि आंघोळीचं पाणी तापायचं. साहित्याशी तिचा संबंध एवढाच.

प्रेरणाने तिथेच तिचं सभासद कार्ड केलं आणि तिला नववा फर्मा दिला. पृष्ठ १२९ ते १४४. सौ.ने हात धुऊन, पुसून, मग तो घेतला. मला विचारायची गरज दोघींनाही वाटली नाही.

रविवार, १२ जानेवारी

पहिली सभा. मी गेलो नाही. वाचनालयाच्या खिडकीसमोरच्या टपरीवर चहा बरा मिळतो, म्हणून तिथे तासभर बसलो, एवढंच.

प्रमिलाबाई, बसस्टँडजवळच्या किराणावाल्या, पहिला फर्मा सांगत होत्या. त्यांना नायकाचं नाव आठवेना. "जाऊ द्या, मले तो पोस्टमनवानी वाटला, आपण पोस्टमन म्हणू," असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या फर्म्यावाल्याने ते नाव निमूटपणे पुढे चालवलं. म्हणजे कादंबरीचा नायक असलेल्या विहिरीच्या मालकाला आता सहा रविवार पोस्टमन म्हणणार. लेखकाने हे ऐकलं असतं तर त्याच विहिरीत जीव दिला असता.

सौ. घरी येऊन मला पोस्टमनचं काय झालं ते सांगू लागली. मी पेपर उघडला.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांतीचं हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी असते. यंदा सौ.ने बायकांना एकेक पेन्सिल आणि खोडरबर दिलं. फर्म्यात आवडलेल्या जागी खूण करायला, म्हणे. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल. नियम क्रमांक ११ मीच फलकावर रंगवून घेतला होता. तो फलक आता मनीप्लांटच्या मागे गेला आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

२६ जानेवारीची सुटी वगळून आज तिसरी सभा. टपरीवरून मोजली, बारा फर्मेवाले आणि नुसते ऐकायला आलेले एकोणीस. काही पायऱ्यांवर बसले होते. तेहतीस वर्षांत माझ्या वाचनालयात इतकी माणसं एकदम कधी आली नाहीत. मी शिस्त ठेवली होती. तेहतीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही, हे विदर्भातल्या किती ग्रंथपालांना छातीठोकपणे सांगता येईल ते सांगावं.

दुपारी झोपमोड झाली. मागच्या अंगणात सौ. वाळत घातलेल्या लुगड्यांपुढे उभी राहून फर्मा मोठ्याने वाचत होती. मला पाहून तिने तो पदराखाली घेतला.  बोलण्यासारखं काय होतं? बाई कपड्यांना कादंबरी वाचून दाखवते आहे.

एक मात्र लिहून ठेवतो. ती वाचताना अडखळत नव्हती.

सोमवार, १० फेब्रुवारी

तक्रार दिली. कार्यकारिणीचे अध्यक्ष बापूराव, अडतीचे व्यापारी. वाचनालयाशी त्यांचा संबंध सही करण्यापुरता, पण सही त्यांचीच चालते. अर्ज चार पानी झाला. मुख्य मुद्दा: संस्थेची मालमत्ता उसवून बारा घरांत बेवारस टाकली आहे, आज ना उद्या एखादा फर्मा गहाळ होणार. मागणी: मंडळ ताबडतोब बंद करावं आणि तात्पुरत्या ग्रंथपाल प्रेरणा यांना कामावर ठेवायचं की नाही याचा फेरविचार व्हावा.

बापूरावांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं. "महादेवराव, पोरगी बरं काम करून राह्यली म्हणतात लोक. काऊन तिच्या पोटावर येता?"

मी म्हणालो, प्रश्न पोटाचा नाही, शिस्तीचा आहे.

"पुरावा हाय काय गहाळ झाल्याचा?"

"मिळेल," मी म्हणालो. वीस तारखेला बैठक ठेवली आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सौ. दळण घेऊन चक्कीवर गेली होती. फर्मा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या झाकणात, फडक्यात गुंडाळलेला. पिठाच्या डब्यात संस्थेची मालमत्ता. मी तो ताब्यात घेतला. निष्काळजीपणा सिद्ध करायचा तर वस्तू हलवूनच दाखवावी लागते, तपासणीची पद्धतच तशी आहे. फाइलीत ठेवून फाइल माझ्या कपाटात ठेवली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सौ.ने सकाळपासून घर उलटंपालटं केलं. डबे उतरवले, गाद्या झटकल्या. तिच्या माहेरच्या लोखंडी पेटीपुढेही बराच वेळ बसली होती, ती कशाला कुणास ठाऊक, तिच्यात नुसत्या गोधड्या आहेत. दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही पाह्यला काय फर्मा?"

"तुझ्या वस्तू तुझ्यापाशी," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. शब्द तपासून पाहिले आहेत.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या माझी पाळी हाय. तुम्ही येसान काय ऐकाले?"

मी हो म्हणालो. बाई रिकाम्या हाताने उभी राहून काय सांगते ते पाहायलाच हवं होतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा आत जाऊन बसलो. मागच्या बाकावर, वही घेऊन.

सौ. उभी राहिली. घामाघूम होईल, रडेल, माफी मागेल, अशी माझी अपेक्षा. ती म्हणाली, "फर्मा आज माझ्यापाशी नाई. आठवंल तसं सांगीन." एकदा मागे माझ्याकडे पाहिलं आणि सुरू झाली. जमेल तसं उतरवून घेतलं आहे.

"एक गाव होतं. गावाचं कोठार होतं, अन् कोठारावर एक माणूस. लय इमानदार. किल्ल्या कमरेले. दाणा इकडचा तिकडं होऊ दे नाई. त्याची बायको होती. गावाले वाटे, हिच्या घरी दाण्याची काय कमी. अन् घरी येई ते फक्त किडलेलं, भिजलेलं, टाकायचं धान्य. माणूस म्हणे, चुलीत घाल. तो झोपला का ती निवडत बसे. एकेक दाणा. चांगला निघंल तो ठेवे, अन् जो नाईच तो मनानं भरून काढे. असे लय वर्षं गेले."

"नाव काय व्हतं तिचं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"नाव नाई देल्लं," सौ. म्हणाली.

पुढे अर्धा तास ती त्या घराचं सांगत होती. ओसरी, न्हाणी, कढईतलं दूध. लोक हलत नव्हते. शेवटी म्हणाली, "मंग एक दिवस ती पिशवी घेऊन सगळ्यांच्या रांगेत उभी राह्यली. पिशवीले हिरवी नाडी होती. पुढं सातजण होते. सातव्याचं झालं. ती खिडकीपाशी गेली अन् म्हणाली, मलेही द्या. इथं फर्मा संपला."

फर्मे असेच मध्येच संपतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. योगेंद्र, मेडिकलवाला, दहावा फर्मा घेऊन उठला. त्याच्या पहिल्याच ओळीत कोर्टाचा माणूस विहीर मोजायला आला. सगळे ओरडले, कोठार कुठं गेलं? योगेंद्रने पानं उलटीसुलटी करून पाहिली. वीस मिनिटं वाद घालून सभेने ठरवलं की मधलं एखादं पान छपाईतच सुटलं असावं. प्रमिलाबाई मात्र ऐकेनात. "ते जाऊ द्या. त्यानं तिले देल्लं का नाई, एवढं सांगा कोणी तरी." सौ. म्हणाली, "मले नाई माहीत."

घरी येऊन फाइल उघडली आणि नववा फर्मा अथपासून इतिपर्यंत वाचला. विहिरीचं भांडण, पंच, एक लग्न, पुन्हा भांडण. कोठार नाही, बायको नाही, पिशवी नाही. म्हणजे सौ.ने भर सभेत एकतीस माणसांना बनवलं, आणि ती बनली. असल्या मंडळाला वाचक मंडळ म्हणायचं. बैठकीत हा मुद्दाही घेता येईल.

हिरवी नाडी कुठे ऐकली आहे?

सोमवार, १७ फेब्रुवारी

ऐकली नाही, पाहिली आहे. अंगणात दोरीला चिमट्यांची पिशवी लटकते. जुनी, धुऊन धुऊन पांढरी पडलेली. नाडी हिरवी.

वर्ष नक्की आठवत नाही. उन्हाळा होता, कारण कूलरमध्ये पाणी मी स्वतः टाकायचो. देवघेवीच्या खिडकीपाशी रांग होती आणि रांगेत सौ. उभी. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. तिचा नंबर आला तेव्हा तिने ती पिशवी पुढे केली आणि मी मान वर न करता म्हणालो, "घरच्यांना पुस्तक मिळत नाही. पुढचे या." कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन. ती गेली. संध्याकाळी जेवण नेहमीसारखं होतं, म्हणून ते माझ्या लक्षातही राहिलं नाही.

नियम होता. आजही तेच म्हणेन. तिने गोष्टीत मला चोर, लबाड, दारुडा काही केलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. तिने मला इमानदार केलं.

तक्रार मागे घ्यावी असं दुपारी एकदा वाटलं. पण बैठकीची सूचना निघाली आहे. आता माघार घेतली तर गाव म्हणेल, महादेवराव भ्याले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बैठक झाली. जसं घडलं तसं लिहितो.

बापूराव, पाच सदस्य, मी. प्रेरणा फर्म्यांची पेटी घेऊन आली होती. परवा सगळे फर्मे तपासणीसाठी परत मागवले होते. पेटीत अकरा. माझा मुद्दा सिद्ध. बापूरावांनी विचारलं, "नववा कोणापाशी होता?"  प्रेरणाने वहीचं पान हाताने झाकलं. माझ्याकडे पाहत होती, जशी काही ती मलाच वाचवते आहे. बापूरावांनी वही ओढून वाचलं आणि सौ.ला बोलावणं धाडलं.

माझी फाइल मांडीवर होती. फर्मा तिच्यात होता.

फर्मा बाहेर काढला तर कुठून आला हे सांगावं लागलं असतं. मी काढला नाही. कारण एवढंच, आणि ते इथे लिहिलं आहे.

सौ. आली. दारातच उभी राहिली. "माझ्याकडून गेला कुठंतरी," ती म्हणाली. "चूक माझी हाय. या पोरीची काही नाई. तिनं तर मले फडकं पण देल्लं होतं बांधून ठेवाले." माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बापूरावांना यातून लवकर सुटायचं होतं, अडतीवर गाड्या लागल्या होत्या. त्यांनी मलाच विचारलं, "नियम काय म्हणते?"

नियम क्रमांक १७. सभासदाकडून ग्रंथ वा त्याचा भाग गहाळ झाल्यास सभासदत्व एक वर्ष रद्द. १९९४ साली मीच टाइप केला. मी तो तोंडपाठ म्हणून दाखवला. आवाज बरा लागला.

ठराव असा: मंडळ चालू राहील, प्रेरणा राहील, पुढे पुस्तक उसवायचं नाही, शोभाबाईंचं सभासदत्व वर्षभर रद्द. सौ.ने ठरावाखाली सही केली. तिची सही मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. वळणदार आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सौ.ने सकाळी चहा दिला. मी वाट पाहत होतो की काहीतरी बोलेल. बोलली ती भाजी काय करू म्हणून.

दुपारी मी फाइल कपाटात ठेवत होतो, तर मागून आवाज आला, "फाइलीत नका ठेवू. कडा दुमडतात. मोठ्या वहीत ठेवा."

 मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"शनिवारी. पिठाची बोटं तुमच्या कपाटाच्या मुठीले होती."

"मग बैठकीत का नाही सांगितलं?"

"तुम्हीच सांगसान वाटलं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

थोड्या वेळाने मी विचारलं की फर्मा हरवल्यामुळे तिने ते दुसरंच काही रचून सांगितलं का. खरं तर हा प्रश्न मला रविवारपासून छळतो आहे. ती हसली. "फर्मा मले पाठ हाय. पाच आठवडे होता माझ्यापाशी. विहिरीचंच सांगणार होते मी."

"मग?"

"तुम्ही पहिल्यांदाच ऐकाले आलते."

यावर काय लिहावं मला कळत नाही. इतकी वर्षं रोज काहीतरी लिहितो आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

शेवटची सभा. सौ. घरी. मी फर्मा घेऊन गेलो, ही वहीही बरोबर घेतली.

दाराशीच प्रेरणाच्या हातात फर्मा ठेवला. कुठे होता ते सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "काकाजी, आमच्यात नियम एकच. ज्याच्यापाशी फर्मा, त्यानं सांगायचा." आणि तो परत माझ्या हातात दिला.

म्हणून मी सांगितला. विहिरीचं भांडण, पंच, लग्न. तीस माणसं माझ्याकडे अशी पाहत होती जशी मी पाहायचो पुस्तक उशिरा आणणाऱ्यांकडे. पाच मिनिटं झाली असतील, प्रमिलाबाईंनी हात वर केला.

"हे विहिरीचं आम्हाले समजलं. शोभाबाईचं सांगा. ती रांगेत उभी होती ना. त्यानं देल्लं का नाई?"

हे पुस्तकात नाही, असं मी म्हणू शकलो असतो. ते खरंही होतं.

"नाही दिलं," मी म्हणालो.

"मंग काय म्हणाला?"

"घरच्यांना मिळत नाही म्हणाला. पुढचे या म्हणाला."

"सगळ्या लोकांपुढं?"

"हो."

"अन् ती?"

"ती घरी गेली. स्वयंपाक केला."

 प्रमिलाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "कसा माणूस म्हणावं." त्यांना उत्तर नको होतं. मी फर्मा टेबलावर ठेवला आणि निघालो.

घरी सौ. ओसरीवर वाट पाहत होती. "काय झालं?"

"विचारत होते, त्याने दिलं का. नाही दिलं, असं सांगितलं."

तिने मान हलवली. "बरोबर सांगितलं." मग म्हणाली, "अन् शेवट? पोस्टमनची विहीर कोणाले गेली?"

अकरावा आणि बारावा फर्मा व्हायच्या आधीच मी उठून आलो होतो. मला ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तेहतीस वर्षांची सगळी नोकरी त्या एका नजरेत निकाली निघाली. "पुस्तकापाशी जाऊन शेवट न ऐकता आले," ती म्हणाली. "मले तर जाता येत नाई. तुम्हाले येते ना."

परत चप्पल घातली. प्रेरणा कुलूप लावत होती. तिने पायरीवर बसून मला दोन्ही फर्मे पहिल्यापासून सांगितले. मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतले. निघताना तिला सांगितलं की सतरावा नियम माझ्या नावावर लावावा आणि शोभाबाईंचं कार्ड परत करावं. ती म्हणाली, ते कार्यकारिणीलाच ठरवावं लागतं, काकाजी, तुम्हीच केलेला नियम आहे.

आता ओसरीवर बसून हे लिहितो आहे. सौ. दारात उभी आहे. शेवट मी वाचून दाखवतो म्हणालो, तर म्हणते, "मी वाचीन माझी. वही द्या."

या वहीत शेवट मागच्या पानांवर आहे, आणि पुढच्या पानांवर बाकीचं सगळं. नाही म्हणावं असं एकदा मनात आलं. ते यापूर्वी म्हणून झालं आहे.

देतो आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वही पूर्ण वाचली. शेवट चांगला उतरवला आहे, विहिरीचं नीट समजलं.

दोन चुका सापडल्या. मी नववी पास नाही. दहावी पास आहे, सेकंड क्लास. तुम्ही कधी विचारलं नाही.

दुसरी. बाद पुस्तकं मी चुलीत घातली, असं तुम्ही लिहिलं आहे. न्हाणीची चूल कापसाच्या पऱ्हाटीवर तापायची. पेटीत गोधडी एकच आहे, वरची. खाली एकशे चार पुस्तकं आहेत. कुणाला सुरुवात नाही, कुणाला शेवट नाही, ते मी माझ्या मनाने लावले आहेत.

तुम्हाला वाचायचं असेल तर मागा. मी देईन.

शोभा